शांत झोपेसाठी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

रात्री झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी आपण भरपाई करायला बघतो. सकाळी तासभर जास्त लोळायचं, दुपारी डोळा लागला तर लागू द्यायचा, रात्री नऊलाच अंथरुणात शिरायचं. झोप येवो न येवो, निदान अंगाला आराम तरी मिळेल, अशी समजूत. होतं उलटंच. नऊला पडलेला माणूस साडेअकरापर्यंत कुशी बदलत राहतो, पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि असं महिनाभर चाललं की अंथरूण बघूनच छातीत धडधडायला लागतं.

आर्थर स्पीलमन या झोपेच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात निद्रानाशाच्या कारणांची तीन गटांत मांडणी केली. काहींची झोप मुळातच सावध असते, हा पहिला गट. दुसरा निमित्तांचा: आजारपण, परीक्षा, नोकरीतली ओढाताण, घरातलं एखादं दुःख. आणि तिसरा गट म्हणजे निमित्त सरल्यावरही त्रास चालू ठेवणाऱ्या सवयी. वर सांगितलेली भरपाई या तिसऱ्या गटात मोडते. स्वभाव बदलत नाही, निमित्त बहुधा केव्हाच संपलेलं असतं. सवयी मात्र बदलता येतात. औषधाशिवाय झोप सुधारायची असेल तर हात घालायची जागा तीच. पुढचा क्रम नवख्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. सगळं एकाच रात्री सुरू करू नका. एक गोष्ट अंगवळणी पडली की पुढची घ्या.

झोप येते कशाने

थोडं शरीरशास्त्र आधी, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेली कल्पना आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झोपेमागे दोन यंत्रणा काम करतात. पहिली झोपेच्या ओढीची. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि जितका वेळ जागे, तितकी ओढ वाढते. झोपलो की ते उतरतं. दुपारी दोन तास झोपलेल्याला रात्री लवकर झोप का येत नाही, याचं उत्तर इथे आहे. ओढ बरीचशी दुपारीच खर्च झालेली असते.

दुसरी यंत्रणा शरीरातल्या घड्याळाची. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. दिवस कधी आणि रात्र कधी हे तो ठरवतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक स्रवायला लागतं, शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं आणि पहाटेपर्यंत साधारण एका अंशाने खाली येतं. हे घड्याळ रोज थोडं पुढेमागे होतं. ते जागेवर आणण्याचं काम मुख्यतः उजेड करतो.

ओढ पुरेशी साचली आणि घड्याळानेही रात्र झाल्याचं सांगितलं, की झोप आपसूक येते. आपण जोर लावून ती आणू शकत नाही. दिवसभरात या दोन गोष्टींच्या आड न येणं आणि रात्री अंग-मन सैल सोडणं, एवढंच आपल्याकडे आहे. पण ते पुष्कळ आहे.

आधी आठवडाभर फक्त नोंद

काहीही बदलण्याआधी एक वही घ्या. रोज सकाळी उठल्यावर अंदाजाने पाच-सहा गोष्टी लिहा: अंथरुणात किती वाजता गेलो, झोप लागायला साधारण किती वेळ गेला, मध्ये किती वेळा जाग आली आणि एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी, अंथरुणातून बाहेर कधी आलो. आदल्या दिवशी चहा-कॉफी किती वाजता घेतली, दुपारी झोपलो का, हेही. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही; सकाळचा अंदाज पुरतो.

ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे. ‘मला अजिबात झोप येत नाही’ असं म्हणणाऱ्याला आठवड्याअखेरीस दिसतं, की तो रोज नऊ तास अंथरुणात असतो आणि त्यातले सहा तास झोपतो. म्हणजे प्रश्न ‘अजिबात’चा नव्हताच. उरलेल्या तीन तासांच्या तळमळीचा होता.

मनगटावरच्या घड्याळाने झोप मोजावी का, असंही विचारलं जातं. माझं मत आहे की त्रास असलेल्याने निदान काही आठवडे ते काढून ठेवावं. झोपेचे टप्पे ही उपकरणं अंदाजानेच सांगतात. सकाळी ताजंतवानं वाटत असतानाही ‘गाढ झोप कमी’ असं वाचलं की दिवसभर थकवा जाणवायला लागतो.

उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. उठायची एक वेळ ठरवा आणि सातही दिवस पाळा, रात्र कशीही गेली असली तरी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त फरक नको.

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, कारण झोप लागणं आपल्या हातात नसतं. उठणं मात्र असतं. सहाला उठलात की त्या क्षणापासून ओढ साचायला लागते आणि रात्री ठरावीक वेळी पुरेशी होते. रविवारी दहापर्यंत झोपलेल्याची ओढ चार तास उशिरा साचायला लागते, म्हणून रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाईट जातो. लोक याचं खापर सोमवारच्या कामावर फोडतात.

वाईट रात्रीनंतर ठरल्या वेळी उठणं जिवावर येतं, हे खरं आहे. पहिला आठवडा दिवसा पेंगत जाईल. त्या दिवसांत लांबचं वाहन चालवू नका, महत्त्वाचे निर्णय जमल्यास पुढे ढकला. पण तो साचलेला थकवा वाया जात नाही. पुढच्या रात्री तोच कामी येतो.

सकाळचा उजेड

उठल्यानंतर तासाभराच्या आत अर्धा तास बाहेरच्या उजेडात घालवा. चालायला जा, नाहीतर मोकळ्या जागेत नुसते बसा. सूर्याकडे थेट बघायचं नाही. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण मोजला तर तो सहसा १०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) भरतो. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स असतात आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. २००२ मध्ये डोळ्याच्या पडद्यात एका वेगळ्याच प्रकारच्या पेशी सापडल्या, ज्या बघण्यासाठी नसून मुख्यतः उजेडाची मात्रा शरीराच्या घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात आणि सकाळच्या आकाशात तो भरपूर असतो. सकाळी घड्याळ लावलं की रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते.

दिवसभरात काय सांभाळायचं

कॅफीन म्हणजे अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसणारं द्रव्य. ते थकवा घालवत नाही, थकव्याचा निरोप पोचू देत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच ते सहा तास लागतात. काहींना याहून जास्त, गरोदरपणात तर बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी पाचच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री साडेदहाला अजून अंगात आहे. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम, म्हणजे चारेक कप कॉफीइतकं कॅफीन दिलं, तर यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून अधिक घटली. ‘मी कॉफी पिऊनही झोपतो’ असं सांगणारे पुष्कळ असतात. त्यांना झोप लागते हे खरं, पण ती उथळ होते आणि ते त्यांना कळत नाही. दुपारी जेवणानंतर कॅफीन बंद, हा नियम दोन आठवडे पाळून बघा. चहात कॉफीच्या साधारण निम्मं असतं, त्यामुळे चहाही त्यात आला. कोला आणि ऊर्जापेयंही.

दारूने झोप लवकर लागते, म्हणून तिला लोक औषध समजतात. शरीर ती पचवून मोकळं झालं की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, घोरणं वाढतं. निकोटीन उत्तेजक आहे, झोपण्याआधीची सिगारेट त्यामुळे नकोच.

दुपारची झोप ज्यांना रात्री छान झोप लागते त्यांनी खुशाल घ्यावी. ज्यांना लागत नाही त्यांनी सुरुवातीचे काही आठवडे ती सोडावी. अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत, गजर लावून, वीस मिनिटं.

व्यायाम कुठलाही चालेल, घाम आणणारा असेल तर उत्तम, फक्त जोराचा व्यायाम झोपण्याच्या तासाभर आधी आटोपलेला असावा. रात्रीचं जेवण दोन-तीन तास आधी.

संध्याकाळ उतरवत न्या

झोपण्याच्या दीड-दोन तास आधी घरातले दिवे कमी करायला लागा. डोक्यावरचा पांढरा दिवा बंद, कोपऱ्यातला पिवळसर, मंद दिवा चालू. मोबाइलबद्दल बरंच बोललं जातं आणि त्यात तथ्य आहे, पण नेमकं तथ्य समजून घ्यायला हवं. २०१५ च्या एका प्रयोगात काही लोकांना सलग पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढलं. पण झोप लागायला लागलेला वेळ मात्र दहाएक मिनिटांनीच वाढला. म्हणजे पडद्याचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, हे खरं. पण मला वाटतं, मोबाइलचं मोठं नुकसान उजेडापेक्षा मजकुरात आहे. ऑफिसची मेल, वादावादी, एकामागून एक येणारे छोटे व्हिडिओ यांनी मन पेटतं. नुसता पडदा पिवळा करून ते विझत नाही. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. रात्री जाग आल्यावर हात आपोआप फोनकडे जाणंही त्याने थांबतं.

गरम पाण्याच्या अंघोळीचा फायदा नीट तपासला गेला आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटंही अंघोळ केली तर झोप लवकर लागते असं दिसलं. गंमत अशी की फायदा गरम होण्याचा नसून नंतर थंड होण्याचा आहे. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त धावतं, तिथून आतली उष्णता बाहेर पडते आणि गाभ्याचं तापमान उतरतं, म्हणजे शरीर रात्री एरवीही जे करणार असतं तेच जरा लवकर घडतं. म्हणून अंघोळ झाल्या झाल्या अंथरुणात शिरू नका, तासभर जाऊ द्या. अंघोळ शक्य नसेल तर पाय कोमट पाण्यात बुडवून बसा. पाय गार पडत असतील तर मोजे घाला. खोली मात्र गार, अंधारी आणि शांत हवी.

काळज्या कागदावर, आणि त्याही लवकर

पाठ टेकली की डोक्यात उद्याच्या कामांची रांग लागते. दिवसभर मनाला निवांतपणा मिळालेला नसतो, तो पहिल्यांदा अंथरुणात मिळतो, मग ते तिथेच हिशेब मांडून बसतं. यावर उपाय म्हणजे ते काम आधी उरकून घेणं. संध्याकाळी, शक्यतो झोपायच्या खोलीबाहेर, पंधरा मिनिटं बसा. कागदाच्या एका बाजूला मनाला खाणारी गोष्ट लिहा, दुसऱ्या बाजूला तिच्याबाबत पुढचं छोटं पाऊल. ‘बँकेचं काम’ असं मोघम नको. ‘उद्या अकराला बँकेत फोन करून कागद कोणते लागतील ते विचारणं’ असं लिहा. ज्याला पाऊलच नाही, त्याच्यासमोर ‘आज काही करता येणार नाही’ असं लिहायचं. कागद मिटायचा.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. बाकी असलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. झालेल्या कामांचं समाधान जास्त उपयोगी पडेल असं आपल्याला वाटलं असतं.

अंग सैल सोडायला शिका

‘रिलॅक्स हो’ असं सांगून कुणाचं अंग सैल पडत नाही. खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, दात आवळलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत यावर एक पद्धत बसवली. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळतो. ती पद्धत इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण ती घाईत करतात आणि उपयोग नाही म्हणून सोडून देतात.

उताणे पडा, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. उजव्या हाताची मूठ वळा. पूर्ण जोर नको, साधारण तीन चतुर्थांश. बोटांच्या पेरांत, मनगटात, कोपराखाली ताण कुठे कुठे पोचला ते बघत मनात सहापर्यंत मोजा. मग मूठ हळूहळू उघडायची नाही, एकदम सोडून द्यायची, जणू ती तुमची नव्हेच. आता अर्धा मिनिट काही करू नका. याच अर्ध्या मिनिटात खरं काम होतं आणि घाईत लोक हेच गाळतात. बोटं आपोआप अर्धवट वळतात, तळव्यात ऊब येते, हात गादीत रुतल्यासारखा जड होतो. हे जाणवलं की डावा हात.

मग दंड, खांदे (कानांकडे उचलून सोडायचे), कपाळ (भुवया वर ताणून), डोळे घट्ट मिटून, जबडा, पोट, मांड्या. पायांसाठी बोटं खाली ताणू नका, पोटऱ्यांत गोळा येतो. चवडे गुडघ्यांच्या दिशेने वर ओढा आणि सोडा. जिथे दुखापत किंवा दुखणं आहे तो भाग न आवळता नुसता मनाने सैल करा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिले आठ-दहा दिवस हा सराव संध्याकाळी, झोपेची अपेक्षा न ठेवता करा. सवय झाली की अंथरुणात तीन-चार भागांपुरता केला तरी पुरतो.

श्वासाचं तंत्र याहून सोपं. एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, पोटावरचा हात वर यायला हवा. सहा मोजेपर्यंत सोडा. मध्ये रोखायचं नाही. अशाने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, म्हणून सोडण्याचा वेळ लांब ठेवायचा. दहा मिनिटं करा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमट वाटते. त्यांनी याच्या नादी लागू नये, आवळून सोडण्याची पद्धतच बरी.

अंग सैल आहे पण डोकं थांबत नाही, अशांसाठी शब्दांचा एक खेळ आहे. कुठलाही साधा शब्द घ्या, समजा ‘पालवी’. ‘प’वरून सुचेल तो शब्द मनात आणा आणि ती वस्तू डोळ्यांसमोर उभी करा: पतंग, पूल, पिंजरा, पेटी. दोन वस्तूंत संबंध जोडायचा नाही. ‘प’ संपला की ‘ल’: लगाम, लाकूड, लोलक. मग ‘व’. काळजीला सलग धागा लागतो, तो इथे मिळत नाही. बहुतेकदा तिसऱ्या अक्षरापर्यंत जावं लागत नाही.

अंथरूण फक्त झोपेसाठी

१९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला हा उपाय ऐकायला कठोर आहे आणि परिणामात फार चांगला. अंथरुणात आपण जे वारंवार करतो, त्याच्याशी मेंदू ते अंथरूण जोडून टाकतो. तिथे रोज दोन तास तळमळलं तर ते तळमळण्याची जागा होऊन बसतं. सोफ्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते आणि अंथरुणात जाताच डोळे उघडतात, असं होत असेल तर हेच झालेलं आहे.

म्हणून झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. इथे थकवा आणि झोप यांत गल्लत करू नका. थकवा म्हणजे अंग मोडून आलेलं, डोकं जड, पण डोळे उघडे. झोप म्हणजे पापण्या मिटायला लागणं, तीच ओळ पुन्हा वाचली जाणं, मान कलणं. दुसरं झाल्यावरच जायचं. अंथरुणात वाचन, फोन, जेवण, हिशेब काही नाही; शरीरसंबंध एवढा अपवाद.

आणि साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, किंवा मध्येच जाग येऊन परत लागेना, तर उठायचं. वीस मिनिटं हा अंदाज, घड्याळ बघायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं बरं, कारण ‘सव्वातीन वाजले, आता अडीच तासच उरले’ या हिशेबाने उरलेली झोपही उडते. तीनच्या जागेपणी काय करायचं हे दिवसाच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही. दुसऱ्या खोलीत एक खुर्ची, मंद दिवा, पांघरूण, आधी वाचलेलं किंवा फारसं गुंतवणारं नसलेलं छापील पुस्तक. गार पडू नये एवढं बघा. पुस्तक वाचा, कपडे घडी करा, अंग सैल करण्याचा सराव करा. खाऊ नका, नाहीतर पोटाला त्या वेळेची सवय लागते. पापण्या जड झाल्या की परत जा. पुन्हा लागली नाही तर पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री चार-चार वेळा उठावं लागेल आणि हे सगळं व्यर्थ आहे असं वाटेल. तिथे टिकून राहा.

रात्रीतून जाग येणं मुळात आजार नाही, हेही लक्षात असू द्या. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरी संपताना निरोगी माणूसही क्षणभर जागा होतो; बहुतेकदा सकाळी ते आठवतही नाही. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या काही तासांत होऊन गेलेला असतो, त्यामुळे पहाटेची जाग जितकी वाईट वाटते तितकं नुकसान करत नाही.

तीन-चार आठवड्यांनीही तळमळ उरली तर

मग वही काढा. आठवड्याभरात रोज सरासरी किती तास झोपलात ते काढा. समजा नऊ तास अंथरुणात, त्यात झोप सहा तास. आता अंथरुणातला वेळच सहा तासांवर आणायचा. सहाला उठायचं ठरलं आहे, तर रात्री बाराच्या आधी आडवं व्हायचं नाही. थोडी पण सलग झोप मिळते, ओढ वाढते, अंथरुणाची धास्ती जाते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी जायचं. दिवसा ताजं वाटेल तिथे थांबायचं. सरासरी कितीही कमी निघाली तरी साडेपाच तासांच्या खाली हा वेळ आणू नका. अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वाहन किंवा अवजड यंत्र चालवणं हे काम असलेल्यांनी हा उपाय डॉक्टरांशिवाय करू नये.

सात तासांहून कमी झोपून महिनोन्‌महिने काढणं प्रौढांना चालत नाही, हे खरंच आहे. पण सात-आठचा आकडा रोज रात्री गाठायलाच हवा, असा धोशा लावला की तोच झोप घालवतो. ज्यांना झोप लागेल की नाही हीच भीती आहे, त्यांनी उलट करून बघावं: अंधारात पडून डोळे उघडे ठेवायचे आणि शांतपणे जागं राहायचा प्रयत्न करायचा. जोर सुटला की बऱ्याच जणांचे डोळे आपोआप मिटतात.

वनस्पती आणि गोळ्यांबद्दल थोडंसं

कॅमोमाइलचा गरम काढा प्यायला हरकत नाही; शांत बसून काहीतरी ऊन ऊन पिण्याचा आराम त्यात नक्की आहे. पण व्हॅलेरियन या वनस्पतीचं मूळ आणि मेलाटोनिनच्या गोळ्या जुनाट निद्रानाशासाठी देऊ नयेत, असाच सल्ला अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिला, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरावा कमकुवत आहे. मेलाटोनिन घड्याळ सरकवायला उपयोगी पडतं, म्हणजे दूरच्या विमानप्रवासानंतर वगैरे. झोपेचं औषध म्हणून ते तितकं कामाचं नाही. ‘नैसर्गिक’ असा शिक्का असलेली गोष्टही इतर औषधांच्या आड येऊ शकते, तेव्हा आधीपासून काही औषध चालू असेल तर विचारून घ्या.

डॉक्टरांकडे केव्हा

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेचा त्रास असेल तर एकट्याने झुंजत बसू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पूर्ण रात्र झोपूनही दिवसा झापड येणं, ही श्वास थांबण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. वरच्या उपायांनी तो बरा होत नाही. संध्याकाळी पडलं की पायांत वळवळ होते आणि हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं लोह तपासायला हवं. पहाटे फार लवकर जाग येते आणि कशातच रस वाटत नाही, जगणं नकोसं होतं, तर वाट बघू नका, लगेच कुणाशी तरी बोला आणि डॉक्टर गाठा. दम्याची, रक्तदाबाची, सर्दीची काही औषधंही झोप उडवतात. गोळीची वेळ बदलून भागेल का, ते विचारा.

झोप न येण्यावर गोळ्यांच्या आधी वर्तन आणि विचार बदलण्याचे उपचार करावेत, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिला आहे. वर सांगितलेल्या बऱ्याच पायऱ्या त्याच उपचारातल्या आहेत आणि प्रशिक्षित मानसोपचारक त्या तुमच्या परिस्थितीप्रमाणे बसवून देतो. आधीपासून झोपेची गोळी चालू असेल, तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्यास झोप आधीपेक्षा वाईट होऊ शकते आणि काही गोळ्यांच्या बाबतीत फिट येण्याचाही धोका असतो. ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारून, काही आठवड्यांत, थोडी थोडी कमी करा.